ताईचं पहिलं विमान आणि तिची खुर्ची

पैनगंगाकाठी

आमचं गाव आर्णी तालुक्यात. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. २०१६ च्या मे महिन्यात गच्चीवर सरगुंडे वाळू घालताना तिचा तोल गेला आणि ती अंगणात पडली. मणक्याला मार बसला. कमरेखालची जाणीव तेव्हा गेली ती परत आली नाही. भाची त्या वेळी सातवीत होती. यंदा बंगळुरूला तिचा पदवीदान समारंभ झाला. आईशिवाय स्टेजवर जाणार नाही, असं तिने फोनवर सांगितल्यावर घरात दुसरा विचारच झाला नाही.

रेल्वेने गेलो असतो तर वीस तासांच्या आसपास लागले असते. तेवढा वेळ ताईला बर्थवर ठेवायचं, डब्यातल्या संडासाचा दरवाजा तिच्या खुर्चीपेक्षा अरुंद. म्हणून विमान ठरवलं. गावातून पहाटे दोनला बोलेरो काढली आणि सहाच्या आधी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पोहोचलो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की चर्चा त्या एका कंपनीवरच फिरत राहते, आणि मला विचारायचं आहे ते सगळ्यांनाच लागू आहे.

तिकीट तालुक्याच्या एजंटकडून काढलं होतं. 'व्हीलचेअर लागेल' असं दोनदा सांगितलं, त्याने 'टाकलं' म्हटलं. काउंटरवर ताईची स्वतःची खुर्ची काढून घेतली, सामानाचा टॅग लावला आणि विमानतळाची खुर्ची दिली. ती मोठी, जड, मागून ढकलायची. घरात ताई चुलीपासून तुळशीपर्यंत आपल्या हाताने चाकं फिरवत जाते. त्या खुर्चीला हाताने फिरवायची चाकंच नव्हती. तिची जेलची गादी तिच्या खुर्चीसोबत खाली गेली. ज्याला खालचं काही जाणवत नाही त्याच्यासाठी ती गादी काय असते, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. मला वाटलं, दोन-अडीच तासांचा तर प्रश्न.

विमानाच्या दाराशी अरुंद खुर्ची असते म्हणतात, ती आणलेलीच नव्हती. दोन पोरांनी ताईला उचललं, एकाने काखेतून, दुसऱ्याने गुडघ्याखालून. पोरं चांगली होती, घाबरलेली होती. पण सगळ्या विमानासमोर तिचं लुगडं सरकलं. ताईने डोळे मिटून घेतले होते. सीटवर बसवल्यानंतरही बराच वेळ तिने ते उघडले नाहीत.

बंगळुरूला सगळे उतरून गेले, झाडणारी माणसं आत आली, त्यांनी झाडायला सुरुवात केली, आम्ही बसलेलोच. पाऊण तासाने खुर्ची आली. ताईची खुर्ची बॅगांच्या पट्ट्यावर इतर सामानात उलटी पडून आली, एक पायटेकणी वाकलेली. गावी परतल्यावर पाहिलं तर बसायच्या जागी जखम. ती भरायला दोन महिने लागले.

आणि एक गोष्ट तिने मला नंतर सांगितली. आदल्या दिवशी संध्याकाळपासून ती पाणी प्यायली नव्हती. विमानात संडासापर्यंत जाता येणार नाही हे तिने कुणाला न विचारताच ओळखलं होतं.

समारंभ मात्र तिने पाहिला. पोरीने टोपी आईच्या डोक्यावर घातली.

मला जाणून घ्यायचंय: यातलं काय आमच्या चुकीने झालं, काय त्यांच्या? स्वतःची खुर्ची दारापर्यंत नेता येते का? ताई परत जायचं म्हणतेय.

धावपट्टी

सहा वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होतो, आता गावी शेती बघतो. तुमचं वाचून गळा भरून आला, कारण त्या दोन पोरांपैकी एक मीही असू शकलो असतो.

पहिली गडबड तिकिटातच झाली. 'व्हीलचेअर' असा एकच प्रकार नसतो, तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण आत सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. एजंट लोक घाईत पहिला टाकून मोकळे होतात. तुमच्या ताईंच्या तिकिटावर नक्कीच पहिला असणार. तो कोड बघून माझ्यासारखा माणूस एकच साधी खुर्ची घेऊन येतो. अरुंद आइल चेअर, अँब्युलिफ्ट (खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत वर नेणारी गाडी), उचलायला शिकलेली दोन माणसं ही तिसऱ्या कोडवरच निघतात.

विमान उडालं की पुढच्या विमानतळाला एक निरोप जातो, त्याला पॅसेंजर सर्व्हिस मेसेज म्हणतात. कोणत्या सीटवर कोण, कोणता कोड, हे त्यात असतं. तिथेही चुकीचा कोड पोहोचला, म्हणून पाऊण तास. एक अक्षर चुकलं आणि दोन्ही टोकांना माणूस अडकला.

पुढच्या वेळी एजंटवर सोडू नका. तिकीट निघालं की कंपनीला स्वतः फोन करा आणि कोड वाचून दाखवायला सांगा. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमात ४८ तास आधी कळवायचं आहे. फोन झाल्यावर तेच ईमेलनेही पाठवा, म्हणजे हातात कागद राहतो.

खुर्चीचं: प्रवाशाला विमानतळाची खुर्ची वापरायची की स्वतःची, हे विचारायला हवं. स्वतःची वापरायची असेल आणि ती ठरलेल्या मापात बसत असेल तर परवानगी द्यावी लागते. काउंटरवर स्पष्ट म्हणा, 'खुर्ची विमानाच्या दाराशी देईन आणि उतरताना दाराशीच घेईन.' टॅगवर तसं लिहून घ्या. गादी कधीच खाली देऊ नका, ती सीटवर ठेवून त्यावर बसता येतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच कर्मचाऱ्यांनाही माहीत नसते. मधल्या वाटेकडच्या सीटचा हात, म्हणजे हात टेकायची दांडी, वर होत नाही असं वाटतं. बऱ्याच विमानांत त्या हाताच्या खाली, बिजागरीजवळ, एक लपलेली कळ असते. ती दाबली की हात वर जातो आणि माणसाला सरकवून बसवता येतं, हातावरून उचलून न्यावं लागत नाही.

कपाशीवाला

भाऊ, मले वाचून लय वाईट वाटलं. माहा डावा पाय मळणी यंत्रात गेला, गुडघ्याखालून. जयपूर फूट लावतो. वावरात जातो, सायकल चालोतो. पोरगा पुण्याले असते म्हणून दोनदा विमानानं गेलो.

पहिल्या खेपेले तपासणीत मशीन वाजली. पाय काढा म्हणे. म्या म्हटलं, बाप्पा, इथं लाइनीत उभ्या उभ्या कसा काढू? एका पायावर उभा राहू का? मांग शंभर लोकं पाहून रायले होते. काढला. तो पाय ट्रेमधी ठेवला, बुटं-बेल्टाच्या मांगं, अन् मशीनमधून गेला. मले त्या दिवशी पाय कापला त्याच्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेले पोरानं शिकोलं. पयलेच सांगा का नकली पाय हाय, अन् आडोशाची खोली मांगा. खोलीत नेलं, फडक्यानं पुसून मशीनीत तपासलं, दोन मिनिटांत झालं. म्हणजे होते ना बावा! मंग पयल्या खेपेले काऊन नाई झालं?

वऱ्हाडी_वकील

कपाशीवाला दादा, तुमच्या बाबतीत झालं तेच ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ करून सांगितलं होतं. दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, ज्येष्ठ नागरिकांसारखं आम्हालाही काही ओळखपत्र द्या, अशी त्यांची मागणी होती. विमानतळावर तपासणी करणाऱ्या सीआयएसएफ या सुरक्षा दलाने त्यांची जाहीर माफी मागितली. तुमच्याकडे व्हिडिओ नव्हता, पण अपमान तोच आणि हक्कही तोच.

पैनगंगाकाठी, तुम्ही मे २०१६ लिहिलंत आणि मी थबकले. ताई पडल्या त्याच महिन्यात, १२ मे २०१६ ला, सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष यांच्या खटल्याचा निकाल दिला. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर पूर्ण ताबा राहत नाही. १९ फेब्रुवारी २०१२ ला त्या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. सीटवर बसलेल्या असताना त्यांना खाली उतरवलं. न्यायालयाने दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्या निकालात प्रतिष्ठेवर, म्हणजे माणूस म्हणून मिळणाऱ्या मानावर, भर आहे. लुगडं सरकणं हा त्याच मानाचा प्रश्न आहे, हे कृपया कुणी किरकोळ समजू नका.

त्यानंतर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही, तेव्हा डीजीसीएने त्या कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि नियम बदलला. आता तब्येत प्रवासात बिघडेल असं कंपनीला वाटलं तर काउंटरवरच्या माणसाने ठरवून चालत नाही. विमानतळावरच्या डॉक्टरने प्रवाशाला स्वतः तपासून स्पष्ट मत द्यायचं, आणि नकार दिलाच तर कारण लगेच लेखी द्यायचं.

वाकलेल्या पायटेकणीबद्दल: विमानतळाच्या त्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवायला हवी होती. प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट असा कागद मिळतो. फोटो काढा, कागद घ्या, मगच बाहेर. नंतर कंपनीचा तक्रारी बघणारा नोडल अधिकारी, सरकारचं एअरसेवा पोर्टल, पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, आणि गरज पडली तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज मी लिहून देईन, फी नाही.

नेर_परसोपंत

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. माझा मुलगा दोन्ही पायांनी अधू आहे. आमच्या बसस्थानकावर त्याला एसटीत चढवायला मला त्याला पाठीवर घ्यावं लागतं. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण पायरी तेवढीच उंच आहे. तालुक्याच्या दवाखान्यात रॅम्प आहे, त्यावर मोटारसायकली उभ्या असतात. विमानाने वर्षात किती जण जाणार? आधी जमिनीवरचं बघायला नको का?

पैनगंगाकाठी

दादा, तुमचा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. ताईला गावाबाहेर काढणं ही पहिली अडचण, विमान शेवटची. नागपूरपर्यंतच्या रस्त्यात तिला जाता येईल असं एकही स्वच्छतागृह आम्हाला सापडलं नाही.

पण आमच्याकडून विमानाने कोण जातं ते बघा. पोरगं बाहेर शिकतंय म्हणून, किंवा मुंबईला, वेल्लोरला दवाखाना आहे म्हणून. हौशीने कुणी जात नाही. आणि विमानतळावर नियम आहे, दंड आहे, तक्रारीची जागा आहे. तिथेच जर होत नसेल तर बसस्थानकावर कुणाकडे बोट दाखवणार? तुमच्या मुलाच्या बसस्थानकाचा धागा तुम्ही काढा, मी आणि ताई दोघंही लिहू.

झाडीपट्टीची_आई

मी गडचिरोली जिल्ह्यातली. माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे पूर्ण आजाराचा प्रकार. तिला बघून कुणाला काही कळत नाही. सतरा वर्षांची, चालते, हसते. कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाबरोबर सिकलसेलही आहे, पण व्हीलचेअर मागितली की 'हिला कशाला' अशी नजर येते.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला समजावलं ते सांगते, आपल्या भागात घरोघरी हा आजार आहे म्हणून. उडताना विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. चिखलदरा साडेतीन हजारांच्या थोडं वर आहे. म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर दोन तास बसायचं. प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखणं उसळतं. म्हणून आम्ही जाण्याआधी डॉक्टरांना दाखवतो, हिमोग्लोबिन बघतो, कंपनीचा मेडिकल फॉर्म भरतो. विमानात प्राणवायू लागणार असेल तर तो आधी मागावा लागतो, वर गेल्यावर मागून मिळेलच असं नाही. तपासणी संपल्यावर दोन बाटल्या भरून घेते, शाल अंगावर, दर थोड्या वेळाने उठून पाय मोकळे.

धावपळ आणि लांब चालणं हे तिच्यासाठी दुखण्याचं कारण आहे. म्हणून खुर्ची. हे मी दर वेळी अनोळखी माणसाला का सांगावं?

आणि पैनगंगाकाठी, तुमच्या ताईंनी पाणी सोडलं हे वाचून मला रडू आलं. मी मुलीला घोट घोट पाणी पाजत नेते आणि त्या तहानलेल्या बसल्या. कृपया पुढच्या वेळी तसं होऊ देऊ नका. कॅथेटर (लघवीची नळी) आणि पिशवीबद्दल फिजिओथेरपी विभागात विचारा, लाजू नका.

स्पर्शलिपी

मी पूर्ण अंध आहे, वाशीम जिल्ह्यातल्या शाळेत शिक्षक. हा धागा फोनच्या आवाजावर ऐकतोय.

आमची अडचण उलटी. मला चालता येतं, तरी हमखास व्हीलचेअर आणतात. 'बसा सर, आम्हाला सोपं पडतं.' मला हवा असतो एका माणसाचा कोपर. अंधांसाठी बीएलएनडी असा वेगळा कोड आहे, तो टाकूनही खुर्चीच येते. गेटजवळ बसवतात आणि 'आलोच' म्हणून जातात. नंतर गेट बदललं की घोषणा कुठली ते मला कळत नाही. आता काही विमानतळांवर घोषणाच होत नाहीत, सगळं पडद्यावर. शांतता छान वाटत असेल, पण माझ्यासाठी तो पडदा म्हणजे भिंत. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं म्हणून मी विमान पकडलं.

ॲपमध्ये सीट निवडायला गेलं की आवाज म्हणतो 'बटण, बटण, बटण'. कुठली खिडकीची, कुठली किती रुपयांची, काही नाही. हे दुरुस्त करायला सिमेंट लागत नाही, फक्त प्रत्येक बटणाला नाव द्यायचं असतं.

एक सर्वांनी लक्षात ठेवा. जेवण, संवाद, स्वच्छतागृह, स्वतःच्या गरजा मी स्वतः भागवू शकतो असं प्रवाशाने सांगितलं तर कंपनी 'सोबत माणूस हवाच' असा आग्रह धरू शकत नाही. हे डीजीसीएच्याच नियमात आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला काउंटरवर अडवलं होतं, त्याने हे वाक्य सांगितलं आणि त्याला सोडलं.

अंबानगरी

अमरावतीच्या बेलोरा विमानतळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं. ते एटीआर-७२ आहे, पंख्यांचं लहान विमान. या विमानात मागच्या डाव्या दारातून चढतात, दारालाच चार-पाच पायऱ्या असतात, बोगद्यासारखा पूल लागत नाही. दार बुटकं असल्यामुळे साधी उतरती रॅम्प लावली तरी खुर्ची दारापर्यंत जाते, देशात काही ठिकाणी तशी लावतातही. म्हणजे लहान विमानतळावर हे मोठ्यापेक्षा स्वस्तात होऊ शकतं. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरही एटीआर आलेली आहेत. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी लांबवायची मागणी किती वर्षांची आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच की ही विमानतळं अजून नवी आहेत. सवयी लागायच्या आहेत. आत्ताच लेखी विचारलं पाहिजे की रॅम्प कुठे, आइल चेअर किती, उचलायचं प्रशिक्षण कुणाला.

धावपट्टी

अंबानगरींना अनुमोदन. प्रशिक्षणाचं तर अगदीच. आम्हाला उचलायचं कसं हे एकदा दाखवलं होतं, बाकी एकमेकांचं बघून शिकलो.

झाडीपट्टीच्या ताई, 'हिला कशाला' ही नजर आमच्यातही असते, खोटं बोलणार नाही. खुर्च्या मागणारे खूप, माणसं कमी. गर्दीच्या वेळी मनात येतं की यातले निम्मे धडधाकट आहेत. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईला ८० वर्षांचे एक प्रवासी पत्नीच्या खुर्चीमागून चालत निघाले, कारण दोघांनी मागितलेल्या खुर्च्यांपैकी एकच आली होती. ते वाटेत कोसळले आणि गेले. डीजीसीएने त्या कंपनीला ३० लाखांचा दंड केला. तेव्हापासून कोण खरा, कोण खोटा हे ठरवायचं मी मनातून काढून टाकलं.

आपल्याकडच्या आयाबाया खुर्ची मागतात त्यातल्या कितीतरी जणींना पाय दुखत नसतात. पाट्या वाचता येत नाहीत, हरवण्याची भीती वाटते. त्यांच्यासाठी 'मीट अँड असिस्ट' अशी सोय असते, एक माणूस सोबत चालतो. एजंटला ती मागा. एक खुर्ची खऱ्या गरजवंताला मिळते आणि आजीलाही उगाच बसून जावं लागत नाही.

बॅटरीवरच्या खुर्चीबद्दल एकाने मेसेजमध्ये विचारलं: लिथियम बॅटरी निघणारी असेल तर ती काढून सोबत केबिनमध्ये न्यायची, ३०० वॉट-अवरपर्यंत. टोकांना चिकटपट्टी लावा. बॅटरीवरच्या लेबलचा फोटो कंपनीला आधी पाठवा, काउंटरवर वाद घालायला वेळ नसतो.

पैनगंगाकाठी

सगळ्यांचे प्रतिसाद ताईला वाचून दाखवले. स्पर्शलिपी सरांचं 'बटण, बटण' तिने मला दोनदा वाचायला लावलं.

काल फोन करून जुन्या तिकिटाचा कोड विचारला. धावपट्टी म्हणाले तेच निघालं, डब्ल्यूसीएचआर. वकील ताईंना कागद पाठवतोय.

दिवाळीनंतर जायचं ठरलंय. ताईने खुर्ची कापसाच्या काट्यावर तोलायला लावली, साडेतेरा किलो भरली. साहाय्यक साधनं १५ किलोपर्यंत सामानाच्या वर फुकट नेता येतात, म्हणून. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालणार म्हणते, मी म्हटलं तुझी इच्छा असेल तरच, त्यांच्या भीतीने नको. मग म्हणाली, साडीच नेसेन, वरून कमरेला ओढणी घट्ट बांधेन.

आणि तिने एक कार्ड लिहून घेतलं. भाची ते इंग्रजी आणि हिंदीतही करून देणार आहे. ताईचे शब्द जसेच्या तसे:

'मला कमरेखाली जाणीव नाही. कानाला नीट ऐकू येतं, त्यामुळे भावाशी नाही, माझ्याशी बोला. काखेतून ओढू नका. सीटचा हात वर करा, माझी गादी आधी ठेवा, मग मी सांगेन तेव्हा सरकवा. उचलण्याआधी माझ्या अंगावर शाल टाका. माझी खुर्ची दाराशी आणा. घाई करू नका, मी पडले तेव्हाही घाईतच होते.'

कपाशीवाला

भाऊ, हे कार्ड माह्या नंबरवर पाठवजा. पायाचं माहं वेगळं लिहितो, पण पयली ओळ ताईसारखीच ठेवतो, 'माझ्याशी बोला.'